पोटाचा उभा एक्स-रे: आतडं अडलंय की थांबलंय?

पोट फुगलंय, उलट्या होताहेत, कालपासून वारा सरलेला नाही. अशा पेशंटचा उभा एक्स-रे काढला की बऱ्याचदा काळे फुगे आणि त्यांच्या तळाशी सरळ आडव्या रेषा दिसतात. फुग्यात गॅस, रेषेखाली आतड्यात साचलेला द्रव. रिपोर्टात येतं ‘एअर-फ्लुइड लेव्हल्स’, आणि घरी त्याचा अर्थ लागतो ‘गॅस झालाय’. मग बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या मराठी घरात आजी एरंडेल काढते आणि गुजराती शेजारीण दिवेल सुचवते, म्हणजे तेच. ते पाजू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. या एकाच चित्रामागे दोन अगदी वेगळे आजार असू शकतात, आणि त्यातल्या एकात जुलाबाचं औषध आतडं फुटण्यापर्यंत नेऊ शकतं.

पहिला आजार म्हणजे ऑब्स्ट्रक्शन. इथे वाटच बंद झालेली असते. जुन्या ऑपरेशननंतर आतडी एकमेकांना चिकटलेली असतात, हर्नियात वेटोळं अडकलेलं असतं, गाठ असते, किंवा आतड्याच्या टीबीनं मार्ग अरुंद झालेला असतो. आपल्याकडे हे शेवटचं कारण विसरून चालत नाही. दुसरा आजार इलियस. यात वाट मोकळी असते, पण आतडं हालचालच करत नाही. पोटाच्या ऑपरेशननंतर, रक्तातलं पोटॅशियम घसरल्यावर, मॉर्फिनसारख्या औषधांमुळे किंवा पोटात जंतुसंसर्ग पसरल्यावर असं होतं.

फिल्म हातात आली की मी आधी एकच गोष्ट शोधतो: गॅस कुठपर्यंत पोचलाय? लहान आतडं साधारण पोटाच्या मध्यभागी असतं आणि त्याच्या घड्यांच्या रेषा या काठापासून त्या काठापर्यंत जातात. मोठं आतडं कडेनं फिरतं, त्याच्या रेषा बहुधा अर्ध्यातच थांबतात. लहान आतडं 3 सेंमीहून, मोठं 6 हून आणि त्याची सुरुवातीची पिशवी, सीकम, 9 हून रुंद असेल तर ते फुगलंय असं धरतात. हे माप झोपून काढलेल्या फिल्मवर घ्यायचं असतं, म्हणून तीही हवी. उभी फिल्म पातळ्या, म्हणजे त्या आडव्या रेषा, दाखवते. लहान आतडं फुगलेलं, त्यातल्या पातळ्या जिन्याच्या पायऱ्यांसारख्या वरखाली, आणि मोठ्या आतड्यात व गुदाशयात जवळजवळ काहीच नाही, असं असेल तर अडथळ्याचा संशय बळावतो. दोन्ही आतडी सरसकट फुगलेली आणि गॅस थेट गुदाशयापर्यंत, तर इलियस जास्त संभवतो.

पण फिल्म फसवते. अडथळा होऊन काहीच तास झाले असतील तर पुढचा गॅस अजून तिथेच असतो. आतडं निव्वळ द्रवानं भरलं असेल तर काळं काही दिसतच नाही आणि एक्स-रे नॉर्मल वाटतो. मोठ्या आतड्याच्या शेवटी अडथळा असला की कधीकधी दोन्ही आतडी फुगतात आणि चित्र हुबेहूब इलियससारखं होतं. म्हणूनच पेशंटच्या पोटाला हात आणि स्टेथोस्कोप लावल्याशिवाय, नुसता व्हॉट्सॲपवर आलेला फोटो पाहून मत देणं मला धोक्याचं वाटतं. अडथळ्यात कळा येऊन जातात आणि आतड्याचे आवाज वाढलेले, टणत्कारासारखे ऐकू येतात. इलियसमध्ये पोट ताणलेलं पण शांत असतं. खूप वेळ अडलेलं आतडंही दमून शांत होतं, हे मात्र ध्यानात ठेवावं लागतं. शंका उरली तर सीटी स्कॅन. वाट नेमकी कुठे बंद आहे ते त्यात बहुधा सापडतं.

उपचाराची सुरुवात सारखीच असते: तोंडानं काही नाही, सलाईन, नाकातून रायल्स ट्यूब, म्हणजे जठरात साचलेलं बाहेर काढणारी नळी. इलियसमध्ये पोटॅशियम भरून काढायचं, मूळ कारण हाताळायचं, पेशंटला चालवायचं आणि धीर धरायचा. ऑपरेशननंतर मोठं आतडं जागं व्हायला दोन-तीन दिवस लागणं नेहमीचं आहे. चिकटलेल्या आतड्यांचा अडथळाही अनेकदा ऑपरेशनशिवाय सुटतो.

आतड्याचा रक्तपुरवठा तुटतोय का, हे मात्र साधा एक्स-रे भरवशानं सांगू शकत नाही. येऊन-जाऊन असलेली कळ सलग दुखण्यात बदलली, ताप चढला, नाडी धावू लागली किंवा हर्नियाची गाठ कडक होऊन दुखू लागली, तर पुढच्या फिल्मची वाट पाहू नका. सयाजी हॉस्पिटल असो की जवळचं दुसरं कुठलं, रात्रपाळीला सर्जन असेल तिथे लगेच न्या, आणि जुन्या ऑपरेशनचे कागद सोबत घ्या.