५६००जी म्हणजे ५६०० अधिक ग्राफिक्स नव्हे

बजेट गेमिंग पीसीचा विषय निघाला की हा सल्ला हमखास येतो: "एएमडीचा रायझन ५ ५६००जी घे. ग्राफिक्स आतच आहे, ग्राफिक्स कार्ड सवडीने टाक, प्रोसेसर तोच राहील." ऐकायला अगदी व्यवहारी वाटतं, पण पायाच कच्चा आहे. साध्या रायझन ५ ५६०० ला ग्राफिक्स जोडलं की ५६००जी होत नाही. या दोन वेगळ्या चिप्स आहेत.

घोळाचं मूळ इंटेलमध्ये आहे. तिथे आय५-१२४०० आणि १२४००एफ यांत खरोखरच एवढाच फरक: एफमध्ये ग्राफिक्स बंद. कोअर, क्लॉक (प्रोसेसरचा वेग), १८ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली छोटी, वेगवान मेमरी), सगळं सारखं. तेच गणित लोक डोळे झाकून एएमडीला लावतात.

वरवर पाहिलं तर साम्य भरपूर आहे. दोन्हींना ६ कोअर, १२ थ्रेड, ४.४ गिगाहर्ट्झ बूस्ट (कमाल वेग), ६५ वॉट, एएम४ सॉकेट, डीडीआर४. जीचा बेस क्लॉक (किमान ठरलेला वेग) ३.९ आणि साध्या ५६०० चा ३.५, म्हणून जी वेगवान असं सांगणारे तक्ते फिरत असतात. कूलर ठीक असेल तर गेममध्ये दोन्ही प्रोसेसर बेसच्या बरेच वर चालतात. तो रकाना वाचूच नका.

वाचायचा रकाना एल३ कॅशचा. ५६०० मध्ये ३२ एमबी, ५६००जीमध्ये १६. जीची चिप मुळात लॅपटॉपलाही चालावी अशी, सगळं एकाच तुकड्यावर बसवलेली. ग्राफिक्सला जागा द्यायची तर काहीतरी आखडतं घ्यावं लागतं, ती कात्री कॅशला लागली.

हे १६ एमबी गेममध्ये का टोचतात? प्रत्येक फ्रेमला प्रोसेसर असंख्य बारीक गोष्टी तपासतो: कोणता खेळाडू कुठे आहे, गोळी कशाला लागली, कोणती वस्तू नजरेच्या टप्प्यात आहे. ही माहिती मेमरीत इथे-तिथे विखुरलेली असते. हवी ती एल३ मध्ये सापडली तर साधारण १० नॅनोसेकंदांत हातात येते. नाही सापडली तर रॅमपर्यंत जावं लागतं आणि ७०-८० नॅनोसेकंद जातात. तेवढा वेळ कोअर बहुतेक हात बांधून बसतो, मग क्लॉक कितीही असो. सिनेबेंच या प्रोसेसरच्या चाचणीत मात्र दोन्ही जवळजवळ बरोबरीने पळतात, कारण त्या कामाचा भार एल३ वर फारसा पडत नाही. म्हणूनच सिनेबेंचचा आकडा दाखवून "बघा, सारखेच आहेत" म्हणणाऱ्यांचा वैताग येतो. गेमिंगच्या प्रश्नाला ते उत्तरच नव्हे.

पुरावा हवा असेल तर एएमडीचाच ५८००एक्स३डी पाहा. ५८००एक्सपेक्षा त्याचा क्लॉक कमी आहे, कोअर तेवढेच ८, पण एल३ ३२ ऐवजी ९६ एमबी. आणि गेममध्ये तो बहुतेक ठिकाणी पुढे जातो.

फरक जाणवतो कुठे? १०८०पी, बऱ्यापैकी कार्ड, १४४ हर्ट्झचा मॉनिटर आणि काउंटर-स्ट्राइक २ सारखा गेम असेल तिथे. सरासरी एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) कमी होतोच, पण जास्त बोचतात ते मधले धक्के. १४४०पीवर सेटिंग्ज चढवून मधल्या किमतीचं कार्ड वापरत असाल तर कार्डच आधी दमतं आणि हा वाद जवळपास मिटतो.

मग ५६००जी घ्यायचाच नाही का? वर्ष-दीड वर्ष कार्ड येणारच नसेल तर जरूर घ्या. साध्या ५६०० ला कार्डाशिवाय स्क्रीनवर काहीच दिसत नाही. पण मग रॅम नीट घ्या. जीच्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते तुमच्याच रॅमवर जगतं. डीडीआर४-३२०० ची एकच स्टिक सेकंदाला २५.६ जीबी देते, दोन मिळून ५१.२. जीटीएक्स १६५० च्या जीडीडीआर५ आवृत्तीला १२८ मिळतात, म्हणजे इथे दोन स्टिक लावूनही ओढाताणच आहे. १६ जीबीची एक स्टिक घेऊन "दुसरी नंतर" म्हणणं हा जीवर अन्याय आहे. ८ च्या दोन घ्या. एकूण ८ जीबीवर तर नकोच, बायोसने (मदरबोर्डातल्या मूळ सॉफ्टवेअरने) २ जीबी ग्राफिक्सला काढून दिले की विंडोजला ६ च उरतात.

चार स्लॉटच्या बोर्डावर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये स्टिक लावा. शेजारी-शेजारी लावल्या तर बहुतेक बोर्डांवर दोन्ही एकाच चॅनेलवर (रॅमकडे जाणाऱ्या एकाच वाटेवर) जातात आणि पैसे देऊनही वेग अर्धाच मिळतो. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला तिच्या लिहिलेल्या वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा. काही बोर्डांवर त्यालाच डीओसीपी म्हणतात. मग सीपीयू-झेड या माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममधल्या मेमरीच्या पानावर ड्युअल किंवा २ × ६४ बिट दिसतंय ना ते पाहा. तिथे १६०० दिसलं तर दुकानदाराशी भांडू नका. डीडीआर एका ठोक्यात दोनदा माहिती पाठवते, त्यामुळे १६०० म्हणजेच ३२००.

पीसीआयईचा (प्रोसेसर आणि कार्ड यांच्यातल्या वाटेचा) फरकही आहे: जीला ३.०, साध्या ५६०० ला ४.० (बोर्ड बी५५० किंवा एक्स५७० असेल तरच). बहुतेक कार्डांना याने फारसं बिघडत नाही. अपवाद आरएक्स ६५०० एक्सटीचा. त्याला या वाटेच्या लेनच ४ आहेत, त्यात ४ जीबीची मेमरी भरली की उरलेलं सगळं त्याच अरुंद वाटेने रॅमकडे जातं. ते कार्ड जीसोबत जोडू नये.

आणि रायझन ५ ५५००? तो म्हणजे जीचीच चिप, ग्राफिक्स बंद केलेली. कॅश १६ एमबी, पीसीआयई ३.०, वर चित्रही नाही. ५६०० शी किमतीत चांगलाच फरक असेल तरच बघा.

जीवाल्यांनी कार्ड टाकलं की एचडीएमआय केबल मदरबोर्डातून काढून कार्डाला लावा. ती जुन्याच जागी राहिली तर गेम पूर्वीसारखाच रडतखडत चालू शकतो आणि दोष कार्डाला जातो.