पार्श्वभूमी : छोट्या आयटी फर्म, प्रोजेक्टवरचा अंकुश आणि ‘स्वीकृती’ची तारीख

सोलापुरात ‘प्रकल्प’ म्हटलं की उजनी आठवते आणि पाठोपाठ ‘प्रकल्पग्रस्त’. ‘शासन’ म्हटलं की मंत्रालय. म्हणून ‘प्रोजेक्ट गव्हर्नन्स’चं ‘प्रकल्प शासन’ केलं, तर वाचणाऱ्याला ते पाटबंधारे खात्याचं परिपत्रक वाटतं. इथल्या फर्ममध्ये सगळे सरळ ‘गव्हर्नन्स’ म्हणतात, आणि बऱ्याच जणांच्या लेखी त्याचा अर्थ सोमवारची मीटिंग एवढाच. मुळात प्रश्न साधा आहे. कोणता निर्णय कोणी घ्यायचा, वाढीव कामाला होकार कोणी द्यायचा, आणि काम थांबवायचं झालं तर ‘थांबा’ म्हणायचा हक्क कोणाचा?

या विषयातल्या जुन्या चौकटी ग्राहकाच्या बाजूने लिहिल्या गेल्या, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. ब्रिटनमध्ये 1975 मध्ये एका खासगी कंपनीने बांधलेली प्रकल्प सांभाळायची पद्धत तिथल्या सरकारने 1979 मध्ये आपल्या संगणक प्रकल्पांसाठी उचलली. तिचंच 1989 मध्ये ‘प्रिन्स’ आणि 1996 मध्ये ‘प्रिन्स-टू’ झालं. अमेरिकेत संरक्षण खात्याला आपले सॉफ्टवेअर कंत्राटदार जोखायचे होते. त्यातून एका विद्यापीठाच्या संस्थेने 1991 मध्ये ‘सीएमएम’ची, म्हणजे सॉफ्टवेअर कंपनीच्या कामाची शिस्त मोजणारी, पाच पायऱ्यांची शिडी मांडली. दोन्हीकडे प्रश्न विचारणारा पैसे देणारा होता, आणि उत्तरं पुरवठादाराने द्यायची होती. बंगळुरूतल्या मोठ्या कंपन्यांनी नव्वदच्या दशकात हीच शिडी चढून परदेशी कामं मिळवली. त्यांच्याकडे त्यासाठी वेगळा विभाग ठेवण्याइतकी माणसं होती.

आपल्याकडे ती शिडी टेंडरच्या अटींतून उतरली. ‘सीएमएमआय (म्हणजे ‘सीएमएम’ची पुढची आवृत्ती) लेव्हल तीन आवश्यक’ ही ओळ मसुद्यातून मसुद्यात नकल होत राहते. बारा माणसांच्या फर्मला ते प्रमाणपत्र म्हणजे वर्षाचा नफा. केंद्राच्या 2012 च्या खरेदी धोरणाने सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी 20 टक्के वाटा ठेवला, तो 2018 मध्ये 25 टक्के झाला. पण ते धोरण केंद्रीय खाती आणि केंद्राच्या सार्वजनिक कंपन्यांपुरतं. इथल्या फर्मचं गिऱ्हाईक म्हणजे साखर कारखाना, पतसंस्था, दवाखाना, टॉवेलचा कारखानदार.

‘प्रिन्स-टू’मध्ये एक नियम आहे : प्रकल्पाची अंतिम जबाबदारी घेणारा आणि प्रोजेक्ट मॅनेजर एकच माणूस असू नये. बाकीच्या बऱ्याच भूमिका एकत्र केल्या तर चालतात, या दोन नाही. इथे फर्मचा मालकच काम आणतो, दर ठरवतो, कोड तपासतो आणि रात्री अकराला कारखान्याच्या टाइमकीपरचा फोनही तोच घेतो. आपल्याच प्रोजेक्टला ‘हा तोट्यात चाललाय, थांबवू’ असं तो कधी म्हणणार? लहान फर्मला मोठ्यांची कागदपत्रं झेपत नाहीत ही तक्रार खरी आहे, पण माझ्या मते दुखणं कागदाचं नाहीच, ते एकाच खुर्चीत बसवलेल्या दोन भूमिकांचं आहे.

2001 मध्ये अमेरिकेत सतरा जणांनी एजाइलचा, म्हणजे थोडं थोडं बनवत आणि बदल सामावत सॉफ्टवेअर करण्याच्या पद्धतीचा, जाहीरनामा काढला. तो इथे पोचला तो बहुतेक ‘लिहून ठेवायची गरज नाही’ या अर्थाने. 2011 मध्ये आयएसओ 29110 आलं, 25 माणसांपर्यंतच्या अगदी लहान संस्थांसाठी. त्यात सुरुवातीला दोनच प्रक्रिया : प्रोजेक्ट सांभाळणं आणि सॉफ्टवेअर बनवणं. आपल्या अंगाला बसेल असं मानक निघालं ते असं, तरी टेंडरमध्ये त्याचं नाव दिसणं विरळाच.

मात्र इथल्या फर्मवर खरा परिणाम केला तो यांपैकी कशानेच नाही, 2006 च्या सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योग कायद्याने. त्यातलं कलम 15 सांगतं की खरेदीदाराने ठरलेल्या तारखेपर्यंत पैसे द्यावेत, काही ठरलं नसेल तर पंधरा दिवसांत. लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या पुढे जाता येत नाही. हे दिवस मोजायचे स्वीकृतीपासून. माल किंवा सेवा मिळाल्यावर पंधरा दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर मिळाल्याचा दिवस हाच स्वीकृतीचा दिवस धरला जातो.

चादरीच्या गठ्ठ्याला हे लागू पडतं. गठ्ठा उतरला, चलनावर सही झाली. सॉफ्टवेअरची ‘सेवा दिली’ ती कधी? सर्व्हरवर टाकलं तेव्हा, जुना डेटा भरला तेव्हा, की क्लार्कला शिकवून झालं तेव्हा? समजा ऊसनोंद, वजनकाटा आणि तोडणी-वाहतुकीचं सॉफ्टवेअर आहे. दसऱ्याच्या आसपास बॉयलर पेटतो, त्याआधी ते चालू व्हायला हवं; ही तारीख कोणालाच हलवता येत नाही. फर्म म्हणते, ऑक्टोबरात दिलं. कारखाना म्हणतो, एक हंगाम चालवून बघू. हंगाम मार्चपर्यंत. मधल्या काळात शेती अधिकारी वाहतुकीचा नवा दर सांगतो, चीफ अकाउंटंट म्हणतो मला विचारल्याशिवाय काही बदलू नका, आणि चेअरमनसाहेबांच्या पीएचा फोन येतो की काल सांगितलेलं आजच्या आज करा. ऊसबिलं चौदा दिवसांत द्यायची असतात, त्यामुळे ‘नाही’ म्हणायला तोंड उघडत नाही. प्रत्येक बदल तोंडी. मार्चमध्ये बिल पाठवलं की उत्तर ठरलेलं : ‘काम अजून पूर्ण कुठं झालंय?’

म्हणजे निर्णय घेणारी समिती नेमली नाही, सहीचा अधिकार कोणाचा ते लिहिलं नाही, तर स्वीकृतीची तारीखच उरत नाही. आणि तारीख नसली की कायद्याचं व्याजही हातून जातं. ते व्याज साधंसुधं नाही, रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट आणि दरमहा चक्रवाढ. कायदा खणखणीत आहे. दाद मागायला त्याच कायद्याखालची परिषदही आहे. पण ज्या कारखान्यावर तक्रार करायची त्याच्याच संचालकाच्या पतसंस्थेचं काम पुढच्या महिन्यात मागायचं असतं. गाव एक, लग्नाचा मांडवही एकच.

मग 2023 च्या वित्त कायद्याने आयकरात 43बी(एच) हे कलम आणलं, ते आकारणी वर्ष 2024-25 पासून लागू झालं. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही. पैसे देईल त्या वर्षी मिळतो. मध्यम उद्योग यात नाहीत, व्यापारीही नाहीत. 2024 च्या सुरुवातीला कापडबाजारात यावरून मोठी ओरड झाली. आयटीवाल्यांना मात्र अनपेक्षित मदत मिळाली : मार्चअखेर खुद्द गिऱ्हाइकाचा सीए विचारू लागला, ‘यांचं उद्यम सर्टिफिकेट (सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योग म्हणून सरकारी नोंदणी) कुठंय, काम स्वीकारलं ती तारीख कोणती?’ वर्षानुवर्षं फर्मचा मालक जे विचारायला कचरत होता, ते गिऱ्हाइकाच्याच बाजूने विचारलं जाऊ लागलं. उलट बाजूही आहे. काही गिऱ्हाइकं आता ऑर्डर देण्याआधीच ‘तुमची उद्यम नोंदणी नसेल तर बरं’ असं सुचवतात.

1 एप्रिल 2025 पासून सूक्ष्म उद्योगाची उलाढाल-मर्यादा 5 कोटींवरून 10 कोटी झाली, लघुची 50 वरून 100 कोटी. सोलापुरातल्या माझ्या माहितीतल्या जवळजवळ सगळ्या फर्म सूक्ष्ममध्येच बसतात.

सध्या नव्या करारांत दोन कलमं दिसू लागली आहेत. ‘हस्तांतर पत्र दिल्याच्या पंधरा दिवसांत लेखी हरकत नसल्यास काम स्वीकारले असे समजावे’ हे एक. बदल मंजूर करणाऱ्या दोनच व्यक्तींची पदं, दोन्हीकडून एकेक, हे दुसरं. पहिल्यावर कारखाने फारशी खळखळ न करता सही करतात. दुसऱ्यावर घासाघीस होते, कारण त्या यादीत पीएचं पद नसतं.