वाळवंटातील सोयीविरहित तळावर मुक्कामाला जाताना

आमच्याकडून आरव्ही (आत राहण्याची सोय असलेली मोठी गाडी) किंवा तंबू भाड्याने घेऊन कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात जाणाऱ्या ग्राहकांसाठी हे माहितीपत्रक आहे. तेथील ज्या तळांना ‘प्रिमिटिव्ह’ म्हटले जाते, त्यांवर नळ, वीजजोडणी आणि सांडपाण्याची सोय यांपैकी काहीही नसते. कोठे खड्ड्याचे शौचालय, एखादे मेज आणि शेकोटीचे लोखंडी कडे असते, तर कोठे केवळ सपाट जागा असते. त्यामुळे तळ निवडताना तेथे काय आहे यापेक्षा काय नाही, हे आधी वाचावे. जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यानातील जंबो रॉक्स आणि हिडन व्हॅली या तळांवर नेहमी गर्दी असते, तरीही तेथे पिण्याचे पाणी मिळत नाही. शिवाय हिडन व्हॅलीत गाडी आणि तिच्यामागील ट्रेलर यांची एकत्रित लांबी 25 फुटांपेक्षा जास्त चालत नाही. मोठी आरव्ही घेणाऱ्यांनी जागा ठरवण्यापूर्वी आम्हाला एकदा विचारावे.

पाणी आणि टाक्या

माणशी दररोज किमान एक गॅलन, म्हणजे सुमारे 3.8 लिटर, पाणी जवळ असावे, असे या भागातील राष्ट्रीय उद्याने सांगतात. चार माणसे चार दिवस राहणार असतील, तर हा हिशेब 61 लिटरच्या आसपास जातो, आणि त्यात पायी भटकंतीचे किंवा भांडी घासण्याचे पाणी धरलेले नाही. हे सगळे पाणी गाडीच्या एकाच टाकीवर सोपवू नये. एखादा नळ रात्रभर ठिबकत राहिला तरी मुक्काम आटोपता घ्यावा लागतो, म्हणून पिण्याचे पाणी वेगळ्या कॅनमध्ये भरून न्यावे.

आरव्हीत साधारणपणे तीन टाक्या असतात: स्वच्छ पाण्याची, बेसिन व न्हाणीच्या सांडपाण्याची आणि शौचालयाच्या मैल्याची. नव्या ग्राहकांचे लक्ष पहिल्या टाकीवर असते, परंतु आमच्या अनुभवात मुक्काम बहुधा दुसरी टाकी संपवते. स्वच्छ पाणी कॅनमधून पुन्हा भरता येते, सांडपाणी मात्र तळावर कोठेच रिकामे करता येत नाही. राष्ट्रीय उद्यानात ते जमिनीवर सोडण्यास मनाई आहे, मग ते केवळ साबणाचे पाणी का असेना. ही टाकी लवकर भरू नये यासाठी ताटे आधी कागदाने पुसून घ्यावीत, भांडी घमेल्यात थोड्या पाण्यात धुवावीत आणि आंघोळीच्या वेळी अंग भिजवल्यावर नळ बंद करून साबण लावावा. सांडपाण्याची आणि मैल्याची अशा दोन्ही टाक्या परतीच्या वाटेवरील डंप स्टेशनवरच, म्हणजे टाक्या रिकाम्या करण्याच्या ठरलेल्या जागीच, रिकाम्या कराव्यात.

वीज

वातानुकूलन यंत्र आमच्या गाड्यांतील बॅटरीवर चालत नाही; त्याला जनरेटर लागतो, आणि जनरेटर चालवण्याच्या वेळा बहुतेक तळांवर ठरलेल्या असतात. फर्नेस, म्हणजे गाडी आतून गरम करणारी भट्टी, प्रोपेन गॅसवर पेटते, परंतु तिचा पंखा बॅटरीवर फिरतो, ही गोष्ट अनेकांना पहाटे गारठल्यावर समजते. आमच्या बॅटऱ्या लेड-ॲसिड प्रकारच्या असल्याने त्या निम्म्याहून खाली उतरू देऊ नयेत. प्रोपेनवर चालणारा फ्रिज गाडी सपाट उभी असेल तरच नीट थंड करतो, म्हणून पोहोचताच आधी चाकांखाली फळ्या घालून गाडी समतल करावी.

तंबूची जागा

तंबू कोरड्या ओढ्याच्या पात्रात लावू नये. तेथील वाळू मऊ आणि सपाट असल्यामुळे मोह होतो, पण कित्येक मैलांवर झालेल्या पावसाचे पाणी, तळावर आभाळ स्वच्छ असतानाही, त्या पात्रातून लोंढ्याने येऊ शकते. दुसरा शत्रू वारा. नेहमीच्या मेखा वाळूत धरत नाहीत. त्याऐवजी पिशवीत वाळू भरून तिला तणावा बांधावा आणि ती पिशवी हातभर खोल पुरावी. तंबू उभा केल्यावर त्यात जड सामान ठेवल्याशिवाय फिरायला जाऊ नये. आमच्याकडे मोडून परत येणाऱ्या तंबूंपैकी बहुतेक असे रिकामे सोडलेले असतात.

कोरडी हवा आणि निरभ्र आकाश यांमुळे जमिनीतील उष्णता सूर्यास्तानंतर झपाट्याने निघून जाते, त्यामुळे दिवसा सदरा नकोसा होणाऱ्या ठिकाणी रात्री जाड स्लीपिंग बॅग लागते. थंडी वाजते म्हणून तंबूत शेगडी किंवा कोळसे कधीही पेटवू नयेत. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि झोपेत त्याचा पत्ता लागत नाही. उन्हाळ्याबाबत आमचे मत स्पष्ट आहे: डेथ व्हॅलीतील फर्नेस क्रीक येथे 10 जुलै 1913 रोजी 56.7 अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती, आणि जून ते ऑगस्ट या काळात सखल भागासाठी आम्ही तंबू देत नाही.

विस्तव, जमीन आणि वाट

अँझा-बोरेगो उद्यानात थेट जमिनीवर विस्तव करता येत नाही; तो धातूच्या भांड्यातच करावा आणि राख सोबत परत न्यावी. वाळलेले लाकूडही गोळा करू नये, सरपण बरोबर न्यावे. जमिनीवर दिसणारी काळसर, खडबडीत साय हा सजीवांचा थर आहे. त्यावर चाक किंवा पाय पडल्यास तो पूर्ववत व्हायला अनेक वर्षे, कधी दशके लागतात. सकाळी बूट झटकूनच घालावेत, कारण विंचू अंधारी जागा शोधतात. चोया निवडुंगाचा गोळा अंगाला चिकटल्यास हाताने न ओढता कंगव्याने उपटावा. आम्ही प्रत्येक संचात एक कंगवा देतो, तो चुकून राहिलेला नसतो.

बऱ्याच ठिकाणी मोबाइलला सिग्नल मिळत नाही, आणि फोनवरील नकाशा कधी कधी वापरात नसलेल्या वाटेवर नेतो. कागदी नकाशा घ्यावा, परतीची वेळ घरी सांगून ठेवावी आणि गाडी वाळूत रुतली तर पायी मदत शोधत न जाता गाडीजवळच सावलीत थांबावे. गाडी परत करताना सांडपाण्याची व मैल्याची अशा दोन्ही टाक्या रिकाम्या आणि व्हॉल्व्ह बंद असावेत.