खिशातून जाणारा निरोप

सोसायटीच्या ग्रुपवर फॉरवर्ड आला : ‘नेट नको, टॉवर नको, हे ॲप घ्या. मेसेज कुठेही जातो, कुणाच्या बापाला वाचता येत नाही!’ एका दमात दोन थापा.

टॉवरशिवाय फोन फोनशी ब्लूटूथवर बोलतो. गर्दीत त्याचा पल्ला जेमतेम दहावीस मीटर. मग ठाण्याचा निरोप वाशीला जातो कसा? ट्रान्सहार्बर लोकलने! फलाटावर शेजारी उभ्या असलेल्या, तेच ॲप घेतलेल्या अनोळखी माणसाचा फोन हा निरोप उचलतो आणि ऐरोली, रबाळे, घणसोली करत वाशीला नेतो.

पण वाशीला कोण उतरणार, हे फोनला काय ठाऊक? २००० साली वाहदात आणि बेकर या संशोधकांनी सुचवलं, भेटेल त्याला प्रत द्या, साथ पसरते तशी. निरोप पोचतो, पण लाखभर फोनांची बॅटरी आणि मेमरी त्यात खर्ची पडते.

२००५ची युक्ती मला फार आवडते. निरोपासोबत १६ कुपनं द्यायची, एक कुपन म्हणजे एक प्रत. पहिला भेटला, त्याला ८, आपल्याकडे ८. दोघंही पुढे अर्धी-अर्धी वाटतात. चार वाटण्यांत प्रत्येकाकडे एकेक उरतं. मग वाटप बंद. आता निरोप फक्त ज्याचा त्याच्याच हाती. शहरात फोन लाख असोत की दहा लाख, प्रती १६च!

इथेच गोम आहे. मजकुराला कुलूप घालता येतं, पण ‘ज्याचा त्याला’ द्यायचा तर पाकिटावर नाव हवं, आणि ते सोळा खिशांना दिसणार. म्हणून नावाऐवजी आकडा लिहायचा. दोघांनी आधी भेटून ठरवलेलं गुपित आणि आजची तारीख यांचा हॅश काढायचा. हॅश म्हणजे किसणी : खोबरं किसता येतं, किसाचा नारळ होत नाही. वाशीचा फोन तोच आकडा स्वतः काढून ठेवतो, जुळला की निरोप घेतो. उद्या आकडा वेगळा.

हे सगळं नीट केलं तर. २०२० साली लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे कॉलेजातल्या संशोधकांनी आंदोलनांत वापरलं जाणारं ब्रिजफाय हे असंच ॲप तपासलं, तर निरोप वाचता येत होते आणि माणसांचा मागही काढता येत होता.

मी आणि भाच्याने असं एक ॲप करून पाहिलं. मी ठाणे स्टेशनात, तो कोपरखैरण्याला. फलाटावर तोबा गर्दी, पण ॲप आमच्या दोघांकडेच. शेवटी निरोप घेऊन मीच कोपरखैरण्याला गेलो.