गोधडी

जुनी लुगडी, धोतरे, पोलकी आणि शिवणातून उरलेल्या चिंध्या एकावर एक पसरून धावदोऱ्याने एकजीव केलेले अंथरूण-पांघरूण. पश्चिम महाराष्ट्रात व कोकणात तिला ‘वाकळ’ही म्हणतात. तान्ह्या बाळासाठी शिवतात ते दुपटे, चार पदरांची ती चौघडी. दुलई व रजई यांत कापूस भरतात आणि त्यासाठी पिंजारी लागतो. गोधडीत कापडाच्या पोटात कापडच असते.

शब्दांचा विचार. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (दुसरी आवृत्ती १८५७) गोधडी आणि वाकळ हे दोन्ही शब्द आहेत. पैकी वाकळ सोपा आहे. संस्कृत ‘वल्कल’मधल्या ‘ल्क’चा ‘क्क’ होऊन मागचा स्वर दीर्घ झाला (सप्त, सत्त, सात याप्रमाणे) आणि दोन स्वरांमधल्या ‘ल’चा मराठीच्या नेहमीच्या रीतीने ‘ळ’ झाला (कमल, कमळ). अर्थाचा प्रवासही पटण्याजोगा आहे : झाडाच्या सालीचे वस्त्र, मग तपस्व्याचे जाडेभरडे पांघरूण, मग चिंध्यांचे पांघरूण. गोधडीचे तसे नाही. हिंदी ‘गुदडी’ आणि गुजराती ‘गोदडी’ हे तिचे उघड सगेसोयरे. पण दोन्हींत ‘द’ आहे आणि मराठीत ‘ध’. मराठीतही ‘द’ अगदीच अनोळखी नाही, कर्जतच्या (जि. अहिल्यानगर) संत गोदड महाराजांच्या नावात तो टिकला आहे. तेव्हा ‘द’ मूळचा आणि ‘ध’ नंतरचा, असे मानणे सयुक्तिक वाटते. कापडवाचक ‘धडपा’, ‘धडुते’ या शब्दांच्या सहवासाने हा बदल झाला असावा असा तर्क करता येतो, मात्र त्याला ध्वनिसाम्यापलीकडे आधार नाही. शब्दाच्या आरंभीचा ‘गो’ पाहून गायीशी नाते जोडण्याचे तर काहीच कारण नाही.

प्राचीनत्वाचा प्रश्न. संस्कृतात या वस्तूला ‘कन्था’ म्हणतात. बंगालमधील कांथा हे त्याचेच रूप मानले जाते. कन्थेचे प्राचीनत्व सांगताना पाणिनीचा दाखला देण्याचा मोह होतो, कारण त्याच्या अष्टाध्यायी या व्याकरणग्रंथात हा शब्द एकाहून अधिक सूत्रांत येतो (२.४.२०, ४.२.१०२, ४.२.१४२). ती सूत्रे उघडून पाहिली की निराशा होते. पहिले सूत्र उशीनर प्रदेशातील विशेषनामांविषयी आहे आणि काशिकावृत्ती या अष्टाध्यायीवरील टीकेत त्याची उदाहरणे ‘सौशमिकन्थम्’, ‘आह्वरकन्थम्’ अशी आहेत. ही गावांची नावे आहेत. ४.२.१४२ मध्ये तर कन्था हे पद नगर, ग्राम, ह्रद यांच्या पंक्तीला बसवले आहे. पाणिनीचे अभ्यासक वासुदेवशरण अग्रवाल यांनी या कन्थेचा अर्थ ‘नगर’ असा घेऊन तिचा संबंध मध्य आशियातील समरकंद, ताश्कंद अशा नावांतील ‘कंद’शी जोडला. हे मत अधिक ग्राह्य दिसते. निदान चिंध्यांच्या पांघरुणाचा पुरावा म्हणून पाणिनीला उभे करणे सोडून द्यावे.

खात्रीने ‘ठिगळांचे वस्त्र’ याच अर्थाची कन्था वैराग्यपर काव्यात भेटते. भर्तृहरीच्या वैराग्यशतकात लंगोटीच्या जोडीला तशीच जीर्ण कन्था आहे. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या चर्पटपंजरिका स्तोत्रात ‘रथ्याचर्पटविरचितकन्थः’ असे विशेषण येते, म्हणजे रस्त्यावरच्या चिंध्यांची कन्था केलेला. दोन्हींचा काळ आणि पाठ वादग्रस्त असल्याने त्यांवरून शतक ठरवता येत नाही. त्याहून जुनी परंपरा बौद्ध भिक्षूंच्या पांसुकूल चीवराची. टाकलेल्या कापडाचे तुकडे जोडून चीवर करावे आणि त्याची मांडणी मगधातील बांधबंदिस्तीच्या शेतांसारखी असावी, अशी कथा विनयपिटक या भिक्षूंच्या नियमग्रंथात आहे. पण चीवर म्हणजे जोडकाम. संघाटी या बाहेरच्या चीवराला दोन, आणि कापड जुने असल्यास चार पदरही विनयात सांगितले आहेत, पण चीवराची ओळख जोडलेल्या तुकड्यांतच आहे. गोधडीची ओळख थरांत आहे, तुकड्यांत नंतर.

प्रत्यक्ष जुने नमुने याबाबत फारसे साहाय्य करत नाहीत. सोळाव्या-सतराव्या शतकांत बंगालमधून पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी युरोपात नेलेली भरतकामाची पांघरुणे संग्रहालयांत आहेत, परंतु ती टसर रेशमाने भरलेली मौल्यवान निर्यात-वस्त्रे होत, उरल्यासुरल्या कापडाशी त्यांचा संबंध नाही. घरगुती गोधडी जुनी होऊन टिकतच नाही. ती विरली की नव्या गोधडीचा मधला थर होते आणि तिच्यावर दुसरे लुगडे चढते. जाड गोधडी उसवली तर आत आधीची गोधडी टाक्यांसकट सापडते, तिच्या पोटात कधी आणखी एक.

रचना. वरचे आणि खालचे अंग बहुधा नऊवारी सुती लुगड्याचे. वर्षानुवर्षे धुतल्याने सूत मऊ पडलेले असते, सुई अडत नाही आणि अंगाला टोचत नाही. एवढ्या लांबीतून दोन्ही अंगे निघून काठ वेगळे उरतात. ते किनारीला लावतात. मधल्या थरात धोतराचे तुकडे, बाह्या, शिंप्याकडची कातरणे असे काहीही चालते. पथ्य एकच : तुकड्यांची टोके एकावर एक चढवायची, त्यांच्यात फट ठेवायची नाही. फट राहिलेल्या जागी गोधडी आधी फाटते.

सारवलेल्या जमिनीवर थर पसरून कडांवर दगड ठेवतात आणि आधी लांब टाक्यांनी टाचून घेतात. हा टप्पा नवख्या हातांना फाजील वाटतो. गोधडी सहसा काठाकडून आत, चौकोनात चौकोन घेत शिवली जाते. त्यामुळे प्रत्येक फेरीला सैल कापड थोडेथोडे मध्याकडे सरकते, आणि टाचण कच्चे असेल तर शेवटी मधोमध झोळ उभा राहतो. अर्धवट पडून राहिलेल्या गोधड्या बऱ्याचदा याच जागी थांबलेल्या असतात. त्यावर उपाय उसवण्याचा. काहीजणी झोळाची चुणी पाडून तिच्यावर ठिगळ बसवतात, आणि पुढे तेच नक्षी म्हणून खपते. दोरे बोटभर अंतरावर घातले की गोधडी धुण्यात टिकते. अंतर वाढले की आतल्या चिंध्या गोळा होतात.

हे काम उन्हाळ्याचे. शेतीची कामे सरलेली असतात, जमीन कोरडी असते आणि पावसाळ्याच्या आत पांघरूण तयार व्हायला हवे असते. शिवणाऱ्या बहुतेक स्त्रिया. शहरांत घरच्या जुन्या साड्या घेऊन मजुरीवर गोधडी शिवून देणाऱ्याही आहेत. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण ही गोधडीची जुनी प्रतिस्पर्धी, याची दखल कोशकार घेत नाहीत. कृत्रिम धाग्याच्या साड्या आल्यावर कच्चा मालच बदलला : त्या झिजत नाहीत, पण घसरतात आणि घाम शोषत नाहीत.

संतपरंपरेत गोधडी हे वैराग्याचे चिन्ह. गाडगे महाराज (१८७६–१९५६) अंगावरच्या ठिगळांच्या वस्त्रामुळे ‘गोधडेबुवा’ म्हणून ओळखले जात. अंबाजोगाईच्या दासोपंतांची ‘पासोडी’ मात्र येथे गणू नये. ते पंचीकरण (पंचमहाभूतांविषयीचे वेदान्ती विवेचन) लिहिलेले लांब जाड वस्त्र आहे, चिंध्यांची शिवण नव्हे.

शेजारची रूपे. उत्तर कर्नाटकात ‘कौदी’, बिहारमध्ये ‘सुजनी’, सिंध-कच्छमध्ये ‘रल्ली’. उत्तर कन्नड (कारवार) जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर व मुंडगोड भागांतील सिद्दी स्त्रियांची ‘कवंदी’ मराठी वाचकाला विशेष जवळची. सिद्दींचे पूर्वज आफ्रिकेतून आणलेले, त्यांतले अनेक गोव्यात गुलाम म्हणून राबलेले. त्यांची बोली कोकणी वळणाची आहे. कवंदीही कोपऱ्यापासून सुरू होऊन कडेकडेने मध्याकडे येते, फक्त तुकडे वरच्या अंगावर, उघड दिसतील असे बसवतात. शेवटी चारही कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची त्रिकोणी ‘फुले’ लावतात. फुले नसलेली कवंदी त्या उघडी समजतात.