बंदुकीला आधी पाणी, मग तेल

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीकडे भात पोसवू लागलं की रानडुकरं आणि गवे शेतात उतरतात. पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची बंदूक तेव्हा मचाणावर जाते आणि जनावर हुसकावण्यापुरता बार काढून पहाटे घरी येते. मग तिला चिंधीने तेल लावलं जातं आणि ती भिंतीला टेकते. आठ दिवसांनी नळीत तांबूस ठिपके दिसले की दोष पावसाला दिला जातो. पाऊस कारणीभूत आहेच, पण खरा घात नळीत राहिलेलं मीठ करतं.

ठासणीच्या, म्हणजे तोंडाकडून दारू ठासून भरायच्या बंदुकीतली काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. ती जळते तेव्हा निम्म्याहून जास्त वजन वायू न होता घन रूपातच राहतं. त्यातलं बरंचसं धुरासोबत बाहेर जातं, उरलेलं नळीला चिकटतं. नुसती काजळी म्हणून ते सोडून देऊ नये, कारण त्यात पोटॅशियमचे क्षार असतात: कार्बोनेट, सल्फेट, सल्फाइड. पोटॅशियम कार्बोनेट फार हावरं आहे. हवेतली आर्द्रता 43 टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळू लागतं. स्वच्छ पोलाद साधारण 60 टक्के आर्द्रतेपर्यंत तग धरतं. घाटमाथ्यावर जुलैत आर्द्रता 90 च्या पुढे असते. म्हणजे न धुतलेली नळी रात्रभर खारट पाण्यात बुडवून ठेवल्यासारखीच.

यावर तेल लावलं तर काय होतं? क्षार तेलात विरघळत नाहीत. ते तेलाच्या पापुद्र्याखाली जिथल्या तिथे राहतात, आणि पातळ पापुद्र्यातून बाष्प आत शिरतंच. क्षार विरघळतात पाण्यात. म्हणून गंज टाळायचा तर नळीला आधी पाणीच लागतं.

बार काढला त्याच दिवशी हे काम करावं. आधी केप (ठोका बसताच ठिणगी पाडणारी टोपी) काढून बंदूक रिकामी असल्याची खात्री करा. गज (दारू ठासायची काठी) नळीत तळापर्यंत सोडून तोंडाशी खूण करा, मग तोच गज नळीच्या बाहेरून निपलपर्यंत, म्हणजे केप बसते त्या छिद्राच्या बोंडापर्यंत, धरून पाहा. आत गेलेली लांबी चार बोटं कमी भरली तर बार अजून आत आहे, तिथेच थांबा. रिकामी असेल तर निपल काढा, नळी दस्त्यापासून सुटी करा, तिचा मागचा भाग बादलीतल्या गरम पाण्यात ठेवा. पाण्यात साबणाचे दोन-तीन थेंब पुरतात. गजाला चिंधी गुंडाळून पिचकारीसारखी वर-खाली केली की पाणी आत-बाहेर होतं. ते काळंकुट्ट निघेल. दोन-तीनदा बदलून नितळ आलं की शेवटचं पाणी उकळतं घ्या, हाताला जाड फडकं बांधून. नळी तापते आणि आपल्याच उष्णतेने कोरडी होते. कोरड्या चिंध्या फिरवा आणि नळी कोमट असतानाच तेल लावा. दुसऱ्या दिवशी पांढरी चिंधी एकदा फिरवून बघा. तपकिरी निघाली तर क्षार उरलेत, पुन्हा धुवा. पुढच्या वेळी दारू भरण्याआधी मात्र ते तेल पुसून काढायला हवं. नाही तर निपलच्या बारीक छिद्रात तेल साचतं, केप फुटते आणि बार पेटत नाही.

काडतुसाच्या 12 बोअर (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या रुंदीचं माप) बंदुकीला एवढा खटाटोप सहसा लागत नाही. बिनधुराच्या दारूत हे क्षार नसतात. जुन्या काडतुसांच्या केपमध्ये मात्र पोटॅशियम क्लोरेट असे. त्यातून उरणारं क्लोराइड 84 टक्के आर्द्रतेला जागं होतं, म्हणजे उन्हाळ्यात गप्प आणि आषाढात सक्रिय. काडतूस किती जुनं आहे हे ठाऊक नसेल तर याही नळ्या सुट्या करून गरम पाण्याने धुवाव्यात. एरवी पितळी ब्रश मागून पुढे दहा-पंधरा वेळा फिरवला की शिसं आणि प्लास्टिकचे थर निघतात.

तेल कोणतं, हा प्रश्न आपल्याकडे हमखास चुकतो. घरात खोबरेल असतं म्हणून तेच लावतात. खोबरेल 24 अंशांच्या आसपास गोठतं. बेळगावच्या मार्गशीर्षातल्या पहाटे फायरिंग पिनभोवती (काडतुसाच्या केपवर ठोका देणारी टोकदार कांडी) त्याचं मेण होतं, पिन सावकाश सरकते, केपवर नुसता हलका ठसा उमटतो आणि काडतूस फुटत नाही. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन वाळतं आणि त्याचा चिकट थर होतो, म्हणून ते चापाच्या यंत्रणेत कधीही नको. पण त्याच गुणामुळे दस्त्याच्या लाकडाला ते उत्तम. पातळ थर देऊन चोळा, दोन दिवस वाळू द्या. लोखंडासाठी शिलाई मशीनचं पातळ तेल चांगलं, तेही थेंबभर. नळीचा निळसर काळा रंग हाही लोखंडाचाच दाट ऑक्साइड असतो. चिंच किंवा लिंबू घासलं तर गंजाबरोबर तोही निघून जातो.

चामड्याच्या म्यानात बंदूक कायमची ठेवू नये, चामडं ओल धरून ठेवतं. नळी खाली तोंड करून उभी केली तर जादा तेल दस्त्यात मुरत नाही. निवडणुकीत बंदूक ठाण्यात जमा करतानाही तेल लावूनच द्या. 2024 ला बेळगावचं मतदान 7 मे रोजी आणि निकाल 4 जूनला होता. असं वेळापत्रक असलं की बंदूक ऐन पावसाच्या तोंडावर परत मिळते.

केप फुटली नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून निदान एक मिनिट थांबा. कधी कधी बार उशिरा सुटतो. दुनळी बंद केल्यावर सांध्यात खुळखुळली तर परवानाधारक कारागिराकडेच न्या. घरच्या घरी पत्र्याची पट्टी ठोकली तर सांधा तात्पुरता घट्ट लागतो आणि दाब मात्र पट्टीवर येतो. नळी कापून आखूड करणं तर आयुध अधिनियम 1959 च्या कलम 6 खाली परवान्याविना गुन्हाच आहे.

महिनाभर टेकवून ठेवलेली बंदूक उचलली की आधी ती रिकामी आहे का बघा, मग दुनळी सांध्यातून उघडून नळीतून उजेड पाहा. ठासणीच्या बंदुकीत पुन्हा गज घाला. कुंभारीण माशी नळीत मातीचं घरटं बांधते. 18.5 मिलिमीटरच्या नळीत सुपारीएवढी माती अडली तरी वायूचा दाब तिथे तुंबतो आणि नळी फुगते किंवा फाटते. 20 बोअरचं, म्हणजे बारीक, काडतूस चुकून 12 बोअरमध्ये घातलं तर तेही पुढे घसरून तसंच अडकतं, आणि त्यामागे दुसरं भरलं की नळी डाव्या हातापाशीच फुटते.