आधी पैसे की आधी माल? बांगलादेशातल्या ऑनलाइन बाजाराची पार्श्वभूमी

बोगरा, कुमिल्ला, जशोर अशा जिल्ह्याच्या गावी कुरिअरच्या कचेरीत उभं राहिलं की 'कंडिशन' हा शब्द सारखा कानावर पडतो. काउंटरवरचा माणूस मोबाइल नंबर विचारतो, मागच्या ढिगातून पुडकं शोधून काढतो आणि कंडिशनची रक्कम सांगतो. तेवढी रोकड मोजून दिली की पुडकं तुमचं. मग कुरिअरवाला आपली हमाली कापून बाकीचे पैसे ढाक्यातल्या विक्रेत्याला पोचवतो. आपल्याकडे पोस्टाची व्हीपीपी होती, तोच हा प्रकार, फक्त पोस्टमनच्या जागी खाजगी कुरिअर. सुंदरबन कुरिअर, एस. ए. परिबहन ही नावं तिकडे ऑनलाइन खरेदीच्या कितीतरी आधीपासून घरोघरी ठाऊक आहेत.

बांगलादेशातल्या ऑनलाइन व्यापाराचा इतिहास वेबसाइटींपासून सांगायला घेतला की हाती फारसं लागत नाही. तो या काउंटरपासून सांगावा. मागणी नोंदवल्यापासून माल हातात पडेपर्यंतच्या चार-आठ दिवसांत पैसे कोणाकडे राहायचे, हा तिथला मूळ प्रश्न. वीस वर्षांत त्याची निरनिराळी उत्तरं निघाली, आणि त्यातल्या एका उत्तराने हजारो लोकांचे पैसे बुडवले.

इंटरनेट तिथे उशिराच आलं. १९९६ साली उपग्रहाच्या व्हीसॅट जोडण्यांना परवानगी मिळाली आणि ढाक्यातल्या मोजक्या लोकांच्या घरी ईमेल पोचलं. त्याआधी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला समुद्राखालच्या केबलमध्ये सामील होण्याची संधी चालून आली होती. देशाची गुपितं बाहेर जातील या भीतीने सरकारने ती नाकारली, असं ढाक्यात आजही चिडून सांगतात. पुढे २००६च्या मे महिन्यात कॉक्स बाजारच्या किनाऱ्यावर 'सी-मी-वी-४' ही केबल सुरू झाली, तोवर मधली दहा वर्षं गेलेली होती.

फोनचं मात्र तसं झालं नाही. ग्रामीणफोन १९९७ साली सुरू झाला आणि त्याच्या जोडीने ग्रामीण बँकेची 'गावचा फोन' योजना आली. बँकेकडून कर्ज काढून बाईने एक मोबाइल घ्यायचा आणि गावकऱ्यांना मिनिटाच्या हिशोबाने बोलू द्यायचं. आखातात गेलेल्या मुलाचा फोन त्या बाईच्या अंगणात यायचा. पुढे घरटी फोन आले आणि हा धंदा बसला, पण तोवर गावोगावी रिचार्जची टपरी उभी राहिली होती. ग्रामीणफोनच्या रिचार्जचं नाव 'फ्लेक्सिलोड'. ते नाव इतकं रुळलं की रिचार्ज कुठल्याही कंपनीचा असो, लोक 'फ्लेक्सि' म्हणू लागले. टपरीवाल्याकडे वही, दोन-तीन साधे फोन आणि गल्ल्यात रोकड. पुढचं सगळं या टपरीवर उभं राहिलं, म्हणून ती लक्षात ठेवायची.

२००६ साली कमाल कादिर या उद्योजकाने ग्रामीणफोनच्या जाळ्यावर 'सेलबाजार' सुरू केला. जुनी सायकल, तांदूळ, शिकवणी, जे विकायचं त्याची जाहिरात साध्या फोनवरून एसएमएसने टाकता यायची आणि घेणारा तशीच शोधायचा. बाकीचा सौदा समोरासमोर. माल बघितला, टायर दाबून पाहिले, पैसे मोजले, संपलं. पैसे कोणाकडे राहायचे हा प्रश्नच तिथे उद्भवत नव्हता, कारण मधले दिवसच नव्हते. ग्रामीणफोनची मालक असलेल्या टेलिनॉर या नॉर्वेच्या कंपनीने २०१० साली सेलबाजार विकत घेतला.

कादिर मग ज्या कामाकडे वळले, ते फार मोठं ठरलं. जुलै २०११ मध्ये ब्रॅक बँकेच्या छत्राखाली 'बिकाश' सुरू झालं. बिकाश म्हणजे आपला विकास, आणि रोमन लिपीत नाव असं लिहिलेलं की त्यात 'कॅश' वाचता यावी. स्मार्टफोनची गरज नाही, इंटरनेटचीही नाही. *२४७# फिरवायचं आणि आकडे दाबत जायचं. पैसे भरायला आणि काढायला तीच फ्लेक्सिलोडची टपरी, आता बिकाशचा एजंट. गाझीपूर-सावारच्या कपड्यांच्या कारखान्यांत शिवणकाम करणाऱ्या मुली दर महिन्याला गावी पैसे पाठवायच्या, ते आधी ओळखीच्या माणसाच्या किंवा बसच्या कंडक्टरच्या हातून. आता ते एका मिनिटात जाऊ लागले. 'बिकाश कर' हे क्रियापदच झालं. पैसे काढताना हजारामागे १८.५० टका (टका हे तिथलं चलन) कापले जातात, त्यावर लोक कुरकुर करतात आणि वापरतातही.

आपल्याकडे फ्लिपकार्टने २०१० साली दारात पैसे घेणं सुरू केलं आणि यूपीआय त्यानंतर सहा वर्षांनी आलं. म्हणजे भारतात दुकान आधी, फोनमधलं पैशाचं पाकीट नंतर. बांगलादेशात पाकीट आधी घरोघरी पोचलं आणि भरवशाची दुकानं मागाहून उघडली. पाकीट तयार असलं की आगाऊ पैसे देणं फार सोपं होतं. हे पुढे महागात पडलं.

दुकानांचं थोडक्यात सांगतो. २०११-१२च्या सुमारास 'आखोनी', 'आजकेर डील' यांसारख्या साइटी निघाल्या. २०१२ साली 'रोकमारी' पुस्तकं विकू लागली, आणि ती टिकली. पुस्तकात फसवणुकीला वाव कमी, छापील पुस्तक सगळीकडे सारखंच. त्याच वर्षी जुन्या वस्तूंसाठी 'बिक्रॉय' आलं. २०१३ साली 'चालडाल' निघालं. नावाचा अर्थच तांदूळ-डाळ. ढाक्याच्या वाहतुकीत एक तास सहज जातो हे ओळखून त्यांनी शहरभर छोटी गोदामं काढली. रॉकेट इंटरनेट या जर्मन कंपनीने पाकिस्तानात सुरू केलेलं 'दराज' बांगलादेशातही आलं आणि मे २०१८ मध्ये अलीबाबाने ते विकत घेतलं. ॲमेझॉनने तिथे दुकान थाटलंच नाही. पेपॅल या ऑनलाइन पैसे देण्याघेण्याच्या सेवेची वाट तर लोक वर्षानुवर्षं पाहत राहिले. २०१७ साली वाजतगाजत जे सुरू झालं ती पेपॅलच्या मालकीची 'झूम' ही परदेशातून पैसे पाठवण्याची सेवा निघाली, आणि घरबसल्या परदेशी कामं करणाऱ्या पोरांचा हिरमोड झाला.

पण खरा बाजार भरला तो फेसबुकवर. खाजगी कंपन्यांना ३जीचे परवाने २०१३ साली मिळाले, ४जी फेब्रुवारी २०१८ मध्ये आलं, आणि बहुतेकांच्या लेखी इंटरनेट म्हणजे फेसबुकच. तिथे याला 'एफ-कॉमर्स' असं नावही आहे. ढाक्याच्या मीरपूर भागातल्या एखाद्या सदनिकेची बैठकीची खोली डोळ्यांपुढे आणा. सोफा भिंतीला सरकवलेला, समोर गोल दिवा, तिपाईवर फोन. बाई एकेक साडी उलगडते, पदर कॅमेऱ्याजवळ धरते, काठ उलटून मागची बाजू दाखवते, कोड नंबर सांगते. खाली प्रश्नांचा पाऊस: 'आपू, किंमत?', 'आपू, दुसरा रंग आहे?' आपू म्हणजे ताई. ज्यांना घ्यायची त्यांनी स्क्रीनशॉट काढून इनबॉक्समध्ये टाकायचा, सोबत नाव, पत्ता, फोन. पुष्कळ पानांवर, म्हणजे फेसबुकच्या पेजवर, किंमत उघड लिहितच नाहीत. 'इनबॉक्स करा' एवढंच. बाजूच्या पानाने दर पाडू नये म्हणून, असं विकणाऱ्या सांगतात. घेणाऱ्यांना मात्र त्यात गिऱ्हाईक पाहून भाव सांगण्याचा वास येतो. दोघांचंही बहुधा खरं असावं.

यातल्या कितीतरी जणी कधी दुकानात बसल्या नसत्या. दुकानाला पागडी लागते, घरच्यांची परवानगी लागते, आणि न्यू मार्केटच्या गर्दीत दिवसभर उभं राहावं लागतं. पानाला यातलं काही लागत नाही. २०१७ साली नासिमा अख्तर निशा यांनी सुरू केलेला 'वुमन अँड ई-कॉमर्स' हा फेसबुक गट, ज्याला सगळे 'उई' म्हणतात, टाळेबंदीच्या काळात दहा लाख सदस्यांच्या पुढे गेला. तिथे भर देशी मालावर. शीतलक्षा नदीकाठच्या रूपगंजची जामदानी, टांगाईलची सुती साडी, मणिपुरी विणकाम, घरचा मध, लोणची. बांगलादेशचं पहिलं भौगोलिक मानांकन २०१६ साली जामदानीलाच मिळालं होतं. पण मानांकनापेक्षा विणकराला उपयोग झाला तो या बायकांचा, कारण मधला महाजन टाळून मागाजवळून साडी उचलणारं गिऱ्हाईक त्यांनी तयार केलं, असं माझं मत.

या बाजारात पैशाचा प्रश्न सोडवला तो कंडिशननेच. ढाक्यात डिलिव्हरीवाल्याच्या हातात रोकड, बाहेरगावी कुरिअरच्या काउंटरवर. यात धोका विकणारीचा. पुडकं पाठवायचं, गिऱ्हाइकाने फोनच उचलला नाही की जाण्यायेण्याचा खर्च अंगावर. म्हणून हळूहळू एक इसार ठरला: डिलिव्हरीचे पैसे आधी बिकाश करा, साडीचे पैसे साडी हातात आल्यावर. मला हा तोडगा फार शहाणपणाचा वाटतो. कोणी कायदा केला नाही, कोणी सल्लागार नेमला नाही. दोघांनी थोडा थोडा धोका वाटून घेतला.

मग आलं 'इव्हॅली'.

१६ डिसेंबर २०१८ला, म्हणजे विजय दिनाच्या मुहूर्तावर, मोहम्मद रसेल नावाच्या माजी बँक कर्मचाऱ्याने ही कंपनी सुरू केली. योजनांची नावंच वादळी: 'सायक्लोन ऑफर'. मोटरसायकल, फ्रीज, फोन बाजारभावाच्या जवळजवळ निम्म्यात, किंवा काही वस्तूंवर १०० ते १५० टक्के कॅशबॅक. हा कॅशबॅक इव्हॅलीच्याच पाकिटात जमा व्हायचा, म्हणजे पुन्हा तिथेच खरेदी. अट एकच: पूर्ण पैसे आधी. माल काही आठवड्यांनी येईल, असं सांगितलं जायचं. पहिल्या लोकांना मोटरसायकली खरोखरच मिळाल्या, त्यांनी फेसबुकवर फोटो टाकले, आणि लोक एकाच्या जागी चार-पाच नोंदवू लागले. आल्या की विकायच्या आणि नफा खिशात. हा आता ग्राहक उरला नव्हता, गुंतवणूकदार झाला होता. आजच्या गिऱ्हाइकाच्या पैशातून तीन महिन्यांपूर्वीच्या गिऱ्हाइकाचा माल निघत होता. आपल्याकडच्या साखळी योजना ज्यांनी पाहिल्यात त्यांना पुढची गोष्ट सांगायला नको. बांगलादेशीयांनीही ती पाहिली होती: 'डेस्टिनी' या साखळी विक्रीच्या कंपनीचं प्रकरण २०१२ साली गाजून गेलं होतं. पण या वेळी समोर ॲप होतं, जाहिराती होत्या, नावाजलेले चेहरे होते, आणि 'बांगलादेशचं अलीबाबा' घडवण्याची भाषा होती.

बांगलादेश बँकेने, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेने, तपासणी केली तेव्हा मार्च २०२१च्या हिशोबाने कंपनीची देणी सुमारे ४०३ कोटी टका आणि चालू मालमत्ता सुमारे ६५ कोटी टका निघाली. देण्यांपैकी निम्म्याहून अधिक ग्राहकांची, उरलेली माल पुरवणाऱ्या व्यापाऱ्यांची. १६ सप्टेंबर २०२१ रोजी रसेल आणि त्यांच्या पत्नी, कंपनीच्या अध्यक्ष शमीमा नसरीन यांना अटक झाली. त्या वेळचं एक दृश्य विसरता येत नाही. ज्यांचे पैसे अडकले होते तेच लोक त्यांच्या सुटकेसाठी घोषणा देत रस्त्यावर आले. माणूस बाहेर राहिला तर निदान काहीतरी परत मिळेल, असा त्यांचा हिशोब. त्याच सुमारास 'ई-ऑरेंज' नावाच्या दुसऱ्या कंपनीच्या प्रकरणातला एक पोलीस निरीक्षक देश सोडून पळताना पश्चिम बंगालात आपल्या सीमा सुरक्षा दलाच्या हाती लागला.

नियम आले ते अटकेच्या जेमतेम अडीच महिने आधी. २०१८ साली डिजिटल कॉमर्सचं धोरण झालं होतं, पण त्याला दात नव्हते. ४ जुलै २०२१च्या नियमावलीने सांगितलं की पूर्ण पैसे आगाऊ घेतले असतील तर ग्राहक त्याच शहरात असल्यास पाच दिवसांत आणि बाहेरगावी असल्यास दहा दिवसांत माल पोचला पाहिजे. त्याच्या जोडीला बांगलादेश बँकेचा आदेश: माल पोचल्याची खात्री होईपर्यंत पैसे मध्यस्थ पेमेंट कंपनीकडेच राहतील, विक्रेत्याला मिळणार नाहीत. म्हणजे कुरिअरच्या काउंटरवर कंडिशन जे काम कित्येक वर्षं करत आली होती, ते आता बँकेच्या भाषेत लिहिलं गेलं. या आदेशानंतर भरलेले आणि मध्येच अडकून पडलेले पैसे जानेवारी २०२२पासून ग्राहकांना परत मिळू लागले. त्याआधी भरलेल्यांना तो आधार नव्हता. पुढच्या महिन्यात व्यवसायांसाठी डिजिटल ओळख क्रमांकाची नोंदणीही निघाली, पण मीरपूरच्या बैठकीतल्या ताईला ती कशासाठी, हे तिला पटवणं अवघडच.

घाव मात्र वेबसाइटींवरच बसला. 'ॲडव्हान्स' म्हटलं की लोक 'इव्हॅली' म्हणू लागले. ज्यांनी कधी कोणाला फसवलं नव्हतं त्यांनाही पुन्हा दारात रोकड घ्यावी लागली.

फेसबुकच्या बाजाराचा कमकुवतपणा वेगळ्या दिशेने उघडा पडला. विद्यार्थ्यांच्या आंदोलनात १८ जुलै २०२४च्या रात्री सरकारने देशभरचं इंटरनेट बंद केलं. ब्रॉडबँड पाच दिवसांनी तुटकतुटक आलं, मोबाइल इंटरनेट २८ जुलैला, आणि फेसबुक ३१ जुलैला. दोन आठवडे दुकानालाच कुलूप. ज्यांची गिऱ्हाइकांची यादी फक्त इनबॉक्समध्ये होती त्यांना कोणाला काय पाठवायचं होतं हेही बघता येईना. ज्या बायका वहीत नाव, फोन आणि कंडिशनची रक्कम लिहून ठेवत होत्या, त्या निदान साधा फोन लावून कळवू शकत होत्या की साडी बांधून तयार आहे, कुरिअर सुरू झालं की निघेल.